आयआरमध्ये मासे कुठून आले? माझ्या पीएचडीची गोष्ट

पीएचडी कशावर करतेयस या प्रश्नाचं उत्तर मी माणूस बघून देते. कॉलेजात कोणी विचारलं तर 'ग्लोबल गव्हर्नन्स आणि मेरीटाईम सिक्युरिटी', नातेवाइकांत 'समुद्राच्या कायद्यावर', आणि मालवणच्या बंदरावर 'डिझेल परताव्यावर', कारण तिथे हे शेवटचं उत्तर दिलं की निदान बसायला खुर्ची मिळते. तिन्ही उत्तरं खरी आहेत. आता थीसिस जमा झालाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) व्हायचाय, आणि इकडे कोकणात नोकरी सांभाळून पीएचडी करू बघणाऱ्या दोन-तीन जणींनी विचारलं की इंटरनॅशनल रिलेशन्ससारखा (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) विषय तू सिंधुदुर्गात बसून केलास तरी कसा, दिल्लीला जावं लागलं नाही का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माहेर देवगड तालुक्यात, पण आमच्याकडे आंब्याची बाग, मच्छिमारीशी संबंध फक्त ताटापुरता. सुरुवातीला डोक्यात विषय होता संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या सुधारणा. गाईडनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यावर आपल्याच विद्यापीठात किती थीसिस पडलेत बघितलंस का, आणि तू कणकवलीच्या एसटीत बसून त्यात काय नवीन सांगणार आहेस? लागलं जरा. पण मुद्दा बरोबर होता.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ती बोट लागली. आठवत असेल सगळ्यांना, श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यावर एक रिकामी यॉट, 'लेडी हान' नाव, आणि आत तीन एके-४७ रायफली. दहीहंडीचा आदला दिवस. टीव्हीवर दिवसभर 'कोकणात पुन्हा २६/११?', इकडे आमच्यापर्यंत नाकाबंदी. आणि भीती उगाच नव्हती, १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स त्याच तालुक्यात शेखाडीला उतरवलं होतं. संध्याकाळपर्यंत कळलं की बोट परदेशी मालकाची, जूनमध्ये ओमानच्या बाजूला इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट नुसती वाहत वाहत पावसाळी समुद्रातून इकडे आली. संपली बातमी. मला मात्र एक प्रश्न चिकटून बसला, की यॉटवर एके-४७ कशाला लागते?

उत्तर शोधायला बसले आणि तिथेच विषय सापडला. सोमाली चाच्यांचा धुमाकूळ २००८ मध्ये वाढला, सुरक्षा परिषदेने त्याच वर्षी ठराव क्रमांक १८१६ करून परदेशी नौदलांना सोमालियाच्या हद्दीत शिरायची परवानगी दिली, आणि व्यापारी जहाजांवर सशस्त्र रक्षक नेणाऱ्या खासगी कंपन्यांचा धंदा उभा राहिला. त्याच सुमारास जहाज उद्योगातल्या संघटनांनी 'हाय रिस्क एरिया' नावाचा पट्टा आखला होता, २०१० मध्ये त्याची पूर्वेकडची रेषा सरकवून ७८ अंश पूर्व रेखांशावर आणली. नकाशा काढून बघा. मालवण साधारण ७३ अंशांवर आहे. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचं सगळं पाणी कागदावर चाच्यांचं झालं. ही रेषा ना भारताच्या संसदेने आखली ना संयुक्त राष्ट्रांनी, पण विम्याचे हप्ते तिच्यावर ठरायला लागले, जहाजं चाच्यांच्या भीतीने आपल्या किनाऱ्याजवळून जायला लागली, म्हणजे थेट मच्छिमारांच्या जाळ्यांमधून, आणि डेकवर बंदुका.

आणि मग १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापासून साधारण साडेवीस सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' बोटीवरच्या दोन मच्छिमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. ती केस हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणापासून हेगच्या लवादापर्यंत फिरली, जुलै २०२० मध्ये निकाल बाहेर आला की नौसैनिकांना इम्युनिटी आहे, भारतात खटला चालवता येणार नाही, पण भारताला भरपाई मिळाली पाहिजे. १० कोटी मिळाले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथली प्रकरणं बंद केली. ती ७८ अंशांची रेषा डिसेंबर २०१५ मध्ये ६५ अंशांवर मागे नेली, भारताने बराच आरडाओरडा केल्यावर, आणि १ जानेवारी २०२३ ला पट्टाच काढून टाकला.

ग्लोबल गव्हर्नन्स म्हणजे काय हे मी वर्गात कित्येक वर्षं शिकवत होते, जागतिक सरकार नसताना चालणारा जागतिक कारभार वगैरे वगैरे. ते असं दिसतं हे तेव्हा कळलं. कुठल्या तरी मीटिंगमध्ये एक रेष सरकते आणि मासे मारायला गेलेला माणूस मरतो.

विषय सापडला पण मंजूर व्हायला पाहिजे ना. रिसर्च कमिटीपुढे पहिलं प्रेझेंटेशन झालं, मी मोठ्या उत्साहाने छोटे मच्छिमार, सागरी सुरक्षा, आंतरराष्ट्रीय नियम असं सगळं मांडलं आणि एक सर म्हणाले, "मॅडम, हा फिशरीजचा विषय आहे, आपल्या डिपार्टमेंटचा नाही. आयआरमध्ये मासे कुठून आले?" सगळे हसले, गाईडसुद्धा हसले. आंतरराष्ट्रीय सुरक्षा म्हणजे अणुबॉम्ब, दहशतवाद, चीन, आणि फार तर हवामान बदल, त्यात बांगडा बसत नाही अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. खरं तर १९९४ च्याच मानव विकास अहवालाने 'ह्युमन सिक्युरिटी'त, म्हणजे माणसाच्या सुरक्षेत, अन्न, रोजगार, पर्यावरण हे सगळं सुरक्षेतच धरलंय, आणि कोपनहेगन स्कूलवाले (सुरक्षेच्या अभ्यासातला एक विचारप्रवाह) तर सांगतात की कुठलाही प्रश्न आपोआप 'सुरक्षेचा' नसतो, तो तसा बनवला जातो, कोण बनवतं आणि कुणासाठी ते बघा. पण हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं तर वाद घालते असं वाटतं. म्हणून पुढच्या वेळी मी थिअरीची स्लाईडच ठेवली नाही, पहिल्याच स्लाईडवर नुसता नकाशा आणि त्यावर ७८ अंशांची लाल रेघ. त्याच सरांनी विचारलं ही रेघ कसली. तिथून पुढे प्रश्न तेच विचारत राहिले आणि विषय पास झाला. टायटलमध्ये 'विथ स्पेशल रेफरन्स टू सिंधुदुर्ग डिस्ट्रिक्ट' घालायला लावलं, ते घातल्याशिवाय आपल्याकडे काही मंजूर होत नाही.

वाचनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. पेड जर्नल्स कॉलेजला परवडत नाहीत, ते रडगाणं सोडा. पण या विषयाची एक चांगली बाजू अशी की मूळ कागद फुकट आहेत. संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी, डब्ल्यूटीओचे (जागतिक व्यापार संघटनेचे) दस्तऐवज, लवादांचे निकाल, सगळं डाऊनलोड होतं. समुद्र कायद्याचा १९८२ चा करार, ३२० कलमं आणि वर नऊ परिशिष्टं, मी प्रिंट काढून घेतला. बारा सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, दोनशे मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र, हे तर यूपीएससीवाली पोरंपण घडाघडा सांगतात. गंमत आत आहे. कलम ७३ म्हणतं की आर्थिक क्षेत्रात मच्छिमारीचा नियम मोडला म्हणून परदेशी बोट पकडली तर जामिनावर बोट आणि माणसं लवकर सोडा, आणि दोन देशांत तसा करार नसेल तर तुरुंगात टाकू नका. आता पालघरच्या पाड्यांवर जाऊन हे वाचून दाखवा. तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, बोट भारत-पाकिस्तान सीमेवरच्या सर क्रीक खाडीच्या बाजूला पकडली जाते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं. त्या भागात सागरी सीमाच ठरलेली नाही. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ च्या करारानुसार, त्या यादीत मच्छिमारांचा आकडा वेगळा असतो. घरच्यांचं कॅलेंडर या दोन तारखांवर चालतं.

आणि कलम १०१, चाचेगिरीची व्याख्या. खासगी स्वार्थासाठी, खासगी जहाजाने, खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला. हे वाचताना कोकणातल्या माणसाला कान्होजी आंग्रे आठवणार नाहीत असं होणारच नाही. मराठ्यांचे सरखेल, आणि इंग्रजांच्या कागदांत पायरेट. या व्याख्येत ते बसतच नाहीत, राज्याच्या आरमाराचा प्रमुख खासगी कसा? पोर्तुगीज कारताज नावाचा परवाना विकायचे, तो नसेल तर तुमचं जहाज जप्त, आणि आंग्र्यांनी त्याला उत्तर म्हणून आपलं दस्तक सुरू केलं. समुद्रात कुणाचा कागद चालणार हे भांडण जुनंच आहे. यावर मी एक अख्खं सेक्शन लिहिलं होतं, गाईडनी कापलं. अजून राग आहे माझा.

फील्डवर्कला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. वेळ निवडली पावसाळी बंदीची, १ जून ते ३१ जुलै, कारण एरवी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पहाटे बाहेर, आला की लिलाव, मग झोप, तुमच्याशी बोलणार कधी? बंदीत मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, माणसं पडवीत जाळी शिवत बसलेली असतात, हात चालू आणि तोंड मोकळं. पण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मुलाखतीआधी संमतीपत्र पाहिजे, तीन पानी, इंग्रजीत. मी मराठी करून नेलं तरी पहिल्याच घरात काका म्हणाले, "सही कित्याक व्हयी? उद्या बँकेची नोटीस इली तर?" त्यांचं काय चुकलं? आयुष्यात ज्या ज्या कागदावर सही केली तो कागद परत आला तो हप्ता घेऊनच. शेवटी कमिटीकडून तोंडी संमतीची परवानगी काढली, फोनवर फक्त 'हो, बोलतो' एवढं रेकॉर्ड करायचं आणि फोन बंद करून पिशवीत. बंद केल्यावर खरं बोलणं सुरू व्हायचं, मासे ओढायला एलईडी दिवे कोण लावतो, कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर कुठपर्यंत घुसतात, कुणाची जाळी फाडली. ते सगळं मी घरी येताना एसटीत वहीत उतरवायचे, घाट नसल्यामुळे रस्त्याला वळणं कमी म्हणून अक्षर निदान लागतं.

बाईमाणूस म्हणून सुरुवातीला पुरुष मंडळी माझ्याशी न बोलता माझ्याबरोबर आलेल्या शिपायाशी बोलायची. ती भिंत मासे विकणाऱ्या मावश्यांनी पाडली. सुरमई घेताना गप्पा झाल्या, एका मावशीने तिच्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "अहो, ही बाय काय इचारता ता सांगा, सरकारची नाय ती." एवढं प्रमाणपत्र पुरलं.

त्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाबरोबरची दुपार मला पूर्ण आठवते. मी बारा मैल, दोनशे मैल असं विचारत होते, ते ऐकून घेत होते, मग सुई बाजूला ठेवून म्हणाले, "काय गो बाय, माका मैल सांगू नको, वाव सांग. बारा मैल म्हणजे किती वाव?" मला येईना. वाव म्हणजे पाण्याची खोली, कुठल्या वावात कुठला मासा आणि कुठली जाळी हे त्यांना पाठ, किनाऱ्यापासून अंतर ही गोष्ट ते वापरतच नाहीत. मग मी सागरी नकाशा पसरला, त्यावर खोलीचे आकडे असतात, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून बारा मैलांच्या रेषेवरचे आकडे वावात करत गेलो. मध्येच त्यांनी एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले हय खडप (पाण्याखालचा खडक) आसा, तुमच्या कागदार नाय. आणि लगेच म्हणाले, हा लिहू नको. मासे मिळायची जागा कुणाला सांगत नाहीत ना. ती अजूनही माझ्या वहीत नाही.

हीच गोष्ट ट्रान्सपाँडरची, म्हणजे बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणाऱ्या यंत्राची. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पालघरला वाढवण बंदराच्या भूमिपूजनाबरोबरच त्या योजनेचीही सुरुवात केली, एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचं यंत्र, ३६४ कोटींचा खर्च. संकटात मेसेज जातो, हवामानाचा इशारा येतो, किनाऱ्यावर बोट कुठे आहे ते दिसतं. जीव वाचवणारी वस्तू आहे, यात वादच नाही, नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी भरकटून पार देवगडपर्यंत आल्या होत्या, तेव्हा तिकडे घरी कुणाला पत्ता नव्हता. पण जेटीवर प्रश्न वेगळाच होता. माझी बोट कुठे थांबते ते पडद्यावर दिसणार, तो पडदा बघणारा माणूस उद्या ती जागा पर्ससीनवाल्याला (मोठ्या घेराच्या जाळ्याने अख्खा थवा उचलणाऱ्याला) विकणार नाही कशावरून? मी अधिकाऱ्याला विचारलं, ते म्हणाले असं होऊच शकत नाही मॅडम. तांडेलाला येऊन सांगितलं, तो नुसता हसला.

माझ्या थीसिसचा मुख्य मुद्दा इथूनच निघाला, आणि तो साधा आहे. २६/११ च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छिमार बोट पळवली, तांडेलाला मारलं आणि मुंबईत कुलाब्याला मच्छिमार वस्तीतच उतरले. त्यानंतर सगळ्या व्यवस्थेने मच्छिमाराकडे दोन नजरांनी बघायला सुरुवात केली. एक म्हणजे 'आमचे डोळे आणि कान', प्रत्येक भाषणात हे वाक्य असतंच. आणि दुसरी म्हणजे संशयित. बायोमेट्रिक कार्ड, टोकन, वीस मीटरवरच्या बोटींना एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र), 'सागर कवच' या किनारी सुरक्षेच्या ड्रिलला समुद्रात थांबवून कागद तपासणी, कार्ड घरी राहिलं तर अर्धा दिवस गेला. डोळे-कान म्हणून ठीक, पण या डोळ्यांनी बघायचं काय ते आधीच ठरलेलं. अनोळखी बोट दिसली तर कळवा. एका तांडेलाने कळवलं, परराज्यातले ट्रॉलर रात्री आत घुसलेत, आमची जाळी कापून नेली. पलीकडून उत्तर आलं की ते आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या खात्याला फोन करा. त्याच्या दृष्टीने त्या रात्री त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सुरक्षेचा प्रश्न तोच होता, पाच-सहा लाखांची जाळी आणि मच्छिमार सोसायटीचं कर्ज. यंत्रणेच्या दृष्टीने तो सुरक्षेचा प्रश्नच नव्हता.

किती फोन येतात आणि कशाबद्दल येतात, हा आकडा मिळाला असता तर मुद्दा पक्का झाला असता, म्हणून एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर एका ओळीचं, कलम ८(१)(अ), म्हणजे देशाची सुरक्षा. जाळी कापल्याचे किती फोन आले हे सांगितल्याने देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते ते माझ्या आकलनापलीकडे आहे. पहिलं अपील फेटाळलं, दुसरं पडून आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट रत्नागिरीची. जून २०१९ मध्ये वायू चक्रीवादळाच्या वेळी दहा चिनी जहाजांनी रत्नागिरीला आश्रय मागितला, आणि आपल्या तटरक्षक दलाने दिला, नजर ठेवून पण दिला. समुद्र कायद्यात संकटातल्याला मदत करणं हे कर्तव्यच आहे, कलम ९८. चीन म्हटलं की टीव्हीवर काय होतं ते माहितीये, पण समुद्रावर हा नियम चुपचाप पाळला गेला. मला हे उदाहरण फार आवडतं, वर्गात दरवर्षी सांगते, कारण आंतरराष्ट्रीय कायदा कुणी पाळतच नाही असं पोरांना वाटत असतं.

थीसिसमधलं जहाजावरच्या पोरांचं प्रकरण मूळ आराखड्यात नव्हतं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि कोकणातल्या कितीतरी घरांत एकदम काळजी शिरली, आपल्याकडे प्रत्येक वाडीत एखादा तरी मर्चंट नेव्हीत असतोच. जानेवारी २०२४ मध्ये अशाच हल्ल्यात 'मार्लिन लुआंडा' या टँकरला आग लागली तेव्हा तिच्यावर २२ भारतीय होते, आपल्या नौदलाच्या आयएनएस विशाखापट्टणमने जाऊन विझवायला मदत केली. मी एका मुलाची मुलाखत व्हॉट्सॲपवर घेतली, नेटवर्क मिळेल तसे व्हॉइस मेसेज, कधी चार दिवसांनी एक. कागदावर नियम चांगला आहे, युनियन आणि जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा धोक्याच्या पट्ट्यात जायला खलाशी नकार देऊ शकतो, गेला तर जादा पगार. मी विचारलं, तू नकार दिलास का? तो म्हणाला, "दिला असता तर पुढचं जॉइनिंग कोण देणार, मॅडम?" माझ्या त्या प्रकरणाची अठ्ठावीस पानं या एका वाक्याभोवती आहेत.

आता डब्ल्यूटीओ. मासेमारी सबसिडीचा करार १७ जून २०२२ ला जिनिव्हात झाला. बेकायदा मासेमारीला, आधीच ओरबाडून संपत आलेल्या साठ्यांना आणि कुणाच्याच नियमनात नसलेल्या खुल्या समुद्रातल्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नका, असा. खरा अवघड भाग, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त बोटी पोसणारी सबसिडी, तो पुढे ढकलला आणि २०२४ मध्ये अबू धाबीतही त्यावर एकमत झालं नाही. भारताचं म्हणणं असं की लांबच्या समुद्रात जाऊन मासा संपवणाऱ्या श्रीमंत देशांनी आधी बंद करा, आम्हाला २५ वर्षांची सवलत द्या. जिनिव्हात आपल्या वाणिज्यमंत्र्यांनी सांगितलं की भारत मच्छिमार कुटुंबामागे वर्षाला जेमतेम १५ डॉलर देतो आणि काही देश ४२ हजार, ६५ हजार, ७५ हजार डॉलर देतात.

हे भाषण मी सोसायटीच्या ऑफिसात वाचून दाखवलं. टेबलावर डिझेलचं रजिस्टर, वर पंखा, भिंतीला बँकेचं कॅलेंडर, सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. पंधरा डॉलर म्हणजे किती, कुणीतरी विचारलं. बाराशे रुपयांच्या आसपास, मी म्हटलं. "वर्साक?" हो, वर्षाला. एकदम शांतता आणि मग हशा. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा बोटवाल्यांना सोसायटीमार्फत मिळतो, म्हणजे मिळायचा असतो, आणि तो तेव्हा कित्येक महिने रखडला होता. सेक्रेटरींनी रजिस्टर माझ्याकडे फिरवून येणे बाकीचा रकाना दाखवला आणि म्हणाले, "तेंका सांगा, ते पंधरा डॉलर तरी वेळेर द्या म्हणान." म्हणजे जिनिव्हात ज्या सबसिडीच्या बचावासाठी आपला देश भांडतोय ती इथे रजिस्टरात थकबाकी म्हणून पडलेली. भारताची भूमिका चुकीची आहे असं मी म्हणत नाही, उलट मला ती बरीचशी पटते, आणि थीसिसमध्येही तसंच लिहिलंय. पण तिथे ज्या छोट्या मच्छिमाराचं नाव घेऊन बोलतात तो आणि मोठा पर्ससीनवाला एकाच ढालीमागे उभे आहेत, आणि छोट्याला विचारलं तर तो म्हणतो आधी त्या दुसऱ्याचं बघा.

लिहिताना जगाने काही थांबायचं नाव घेतलं नाही. शेवटचा ड्राफ्ट होत आला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला तो सबसिडी करार लागू झाला, दोन तृतीयांश देशांची मान्यता पूर्ण झाली, भारत त्यात नव्हता. चारच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेच्या कराराला साठावी मान्यता मिळाली, म्हणजे १७ जानेवारी २०२६ ला तोही लागू होणार हे ठरलं. अख्ख्या प्रकरणातला भविष्यकाळ भूतकाळ करत बसले. गाईड म्हणाले, आता एक कट-ऑफ तारीख घाल नाहीतर तू रिटायर होशील. घातली. मग प्लेजियरिझम रिपोर्ट, त्यात समुद्र कायद्याची कलमंच चोरी म्हणून लाल झाली, ती कोटेशनमध्ये टाकून वगळली, दहा टक्क्यांच्या आत आलं. बाईंडिंग, चलन, सह्या, ते सगळ्यांना माहितीये.

व्हायवाला काय विचारतील माहीत नाही. एका सीनियरने सांगितलंय की एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) दिल्लीचे असतील तर थिअरी, किनाऱ्यावरचे असतील तर आकडे. मी दोन्ही करतेय, पण आकड्यांत ते दुसरं अपील आडवं आहेच.

मध्ये सोसायटीत थीसिसची प्रत द्यायला गेले होते. सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी घेतली, पानं चाळली, इंग्रजी बघून परत दिली आणि म्हणाले दोन पानांत मराठीत करून आणा, आम्ही बोर्डावर लावतो. ते सध्या चाललंय. पहिला ड्राफ्ट मी १९८२ च्या करारापासून सुरू केला होता, त्यांनी वाचून सांगितलं की परताव्याचं वर घ्या, नाहीतर खाली कोण वाचणार. तसं केलंय. जाळी कापल्याची तक्रार नक्की कुठे करायची, तेही टाका म्हणालेत, त्यासाठी पुढच्या आठवड्यात तीन खात्यांत जाऊन विचारायचंय.